पदक घासण्याआधी त्याची कड वाचा

गेल्या अंकात जुन्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांमध्ये दिल्या गेलेल्या पदकांवर एक चौकट छापली होती. घरात तसं काही सापडलं तर विचारा, असं त्यात म्हटलं होतं. कापसाच्या पट्ट्यातून आणि वैनगंगेकाठच्या गावांतून बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम वगळली आहेत. जुनी वस्तू घरात आहे हे गावभर व्हायला नको.

प्रश्न : आज्याच्या लोखंडी पेटीत तळहाताएवढं, गडद चॉकलेटी रंगाचं जड पदक निघालं. एका बाजूला हात पसरून उभा असलेला माणूस, मागे लोक आणि तीन जहाजं. दुसऱ्या बाजूला पृथ्वीचा गोळा, दोन पंखवाल्या बाया आणि मधोमध इंग्रजीत एका कंपनीचं नाव. आमच्या घराण्याचं नाव कुठंच नाही. आजा जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होता. सोनार म्हणतो तांबं आहे, किलोच्या भावानं घेतो. *(हिंगणघाट तालुका)*

उत्तर : सोनाराला तूर्त नाही म्हणा. वर्णन अमेरिकेतल्या शिकागो इथं १८९३ साली भरलेल्या कोलंबियन प्रदर्शनाच्या बक्षीस-पदकाशी जुळतं. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला त्याला चारशे वर्षं झाली, म्हणून ते प्रदर्शन भरलं होतं. हात पसरलेला माणूस म्हणजे किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस. ती बाजू ऑगस्टस सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराची. मागची बाजूही त्यानंच केली होती, पण तिच्यातल्या नग्न मुलाच्या आकृतीवरून गहजब झाला आणि ती नाकारली गेली. मग अमेरिकन टांकसाळीचा मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर यानं दुसरी केली. म्हणून दोन्ही बाजूंचा हात वेगळा दिसतो. पुढची बाजू जिवंत वाटते, मागची सरकारी कागदासारखी. या भांडणात पदकं रखडली आणि १८९६मध्ये वाटली गेली.

आता मोजा. खऱ्या पदकाचा व्यास ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. व्हर्नियर नसेल तर पोरांच्या कंपासपेटीतले दोन गुण्ये पदकाच्या दोन्ही बाजूंना उभे टेकवा आणि मधलं अंतर पट्टीनं घ्या. मोजमाप ७५ किंवा त्याहून कमी आलं तर संशय घ्यावा. खरी पदकं पोलादी ठशांमध्ये दाबून काढलेली आहेत. नकली करणारा खऱ्या पदकावरून साचा घेऊन त्यात धातू ओततो आणि ब्राँझ थंड होताना शेकडा दीड ते दोननं आकसतं. म्हणजे ७६चं पदक पुन्हा ओतलं की साधारण ७४.५ ते ७५ भरतं. ओतीव नकलेची अक्षरं कडेला बोथट असतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे असतात. दुसरी नक्कल विजेच्या प्रक्रियेनं तांब्याचा पत्रा चढवून केलेली असते. ती फसवी, कारण बारकावे अगदी अस्सल उतरतात. पण ती दोन पातळ टरफलं जोडून आत शिसं भरून बनवतात, त्यामुळे कडेवर चौफेर एक बारीक सांधा राहतो. नखानं तो लागतो.

नावाचं म्हणाल तर ते नसणं हीच इथली साधारण गोष्ट आहे. या पदकावर बक्षीस मिळवणाऱ्याचं नाव मागच्या चौकटीत उठावात असतं. ते वेगळ्या छोट्या ठशानं दाबलेलं, हातानं कोरलेलं नाही. बक्षिसं तेवीस हजारांच्या वर होती आणि ती बहुतेक माल बनवणाऱ्यांना गेली. चौकटीतली कंपनी यंत्रं बनवणारी असेल, तर पदक जिनिंगच्या कारखान्यात यंत्रांच्या मागोमाग किंवा एखाद्या एजंटाबरोबर आलं असण्याचा संभव आहे. कंपनीनं जाहिरातीसाठी काढलेली प्रतही असू शकते, म्हणूनच आधी व्यास आणि कड बघायला सांगितलं. आज्याच्या नोकरीचा कागद, पगाराचं पुस्तक, कारखान्याचा जुना फोटो असं काही पेटीत असेल तर पदकासोबतच राहू द्या. त्या कागदांशिवाय हे पदक शिकागोचंच राहील, हिंगणघाटचं होणार नाही.

आणखी एक. मूळ पदक अल्युमिनियमच्या डबीत दिलं होतं. फिक्या पांढऱ्या, हलक्या पत्र्याची गोल डबी घरात मिसरी नाहीतर सुपारी ठेवायला वापरात असेल, तर ती शोधा. आत अस्तराच्या खुणा दिसतील.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रांसोबत पूजेत ठेवायचं म्हणून घरच्यांनी पदक चिंच-मिठानं घासलं. आधी काळपट होतं, आता तांब्याच्या गडव्यासारखं लाल झालं आहे. परत पहिल्यासारखं होईल का? *(दर्यापूर तालुका)*

उत्तर : नाही होणार. पण पुढचं नुकसान थांबवता येतं आणि ते याच आठवड्यात करा.

ब्राँझच्या पदकाचा तपकिरी रंग हा मळ नसतो. टांकसाळीत पदक दाबून झाल्यावर रसायनं आणि उष्णता देऊन तो रंग मुद्दाम चढवलेला असतो. तो थर केसाहूनही पातळ. चिंचेतल्या आम्लानं तो विरघळतो. राख, विटकरीची भुकटी, पितांबरी हे त्याहून वाईट, कारण ते विरघळवत नाहीत, खरवडतात आणि चेहऱ्याचं नाक, कपड्याच्या चुण्या झिजवून टाकतात. तुमच्याकडे निदान खरवडलं गेलेलं नाही.

खरी भीती मिठाची आहे. मिठातलं क्लोराइड अक्षरांच्या खाचांमध्ये राहिलं तर पावसाळ्याच्या दमट हवेत तिथून हिरवी बुरशी सुटल्यासारखं होतं. त्यासाठी हे करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी दोन लिटर आणा. बॅटरीचं आम्लही तिथंच मिळतं, बाटली बदलू देऊ नका. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात पाव लिटर पाणी घ्या, पदक त्यात अर्धा तास ठेवा, पाणी टाकून द्या. असं सहा-सात वेळा. मधल्या एका पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून मऊ सुती फडक्यानं थोपटा. घासायचं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही, त्या पाण्यातच क्लोराइड आहे आणि दर्यापूर त्याच पट्ट्यात येतं. शेवटी सुती कापडानं टिपून घ्या आणि केस वाळवायच्या यंत्रानं, हाताला सोसेल एवढ्याच गरम हवेनं, दहा मिनिटं वाळवा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका.

कृत्रिम रंग चढवणारी रसायनं बाजारात मिळतात. ती वापरू नका. नवा रंग ओळखू येतो आणि मग पदकावर दोन दोष होतात. उघडं तांबं पाच-सात वर्षांत आपसूक मंद तपकिरी होतं.

कुंकू लागलं असेल तर ते कोरडं असतानाच मऊ कुंचल्यानं झाडा. शेंदूर तेलात कालवलेला असतो, तो पाण्यानं जात नाही. त्याला कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिटोन लागतं. खिडकी उघडी ठेवा, चूल, गॅस, उदबत्ती काही जवळ नको. पुढच्या दसऱ्याला पदकाचा फोटो पूजेत ठेवा.

प्रश्न : पदकावर फिक्या हिरव्या रंगाचे ठिपके आलेत. पुसले की पीठ निघतं, महिन्यानं परत येतात. हे साधं कळकणं आहे का? *(पवनी)*

उत्तर : साधं कळकणं घट्ट, गडद हिरवं आणि नखाला न सुटणारं असतं. ते आहे तसं राहू द्यावं. फिकं, पिठासारखं आणि परत परत येणारं म्हणजे ब्राँझचा रोग. धातूच्या आत क्लोराइडचा संयुग बसलेला असतो. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल पुढचं तांबं खातं आणि पुन्हा तेच संयुग तयार होतं. म्हणून पुसून भागत नाही. हा माणसाच्या रोगासारखा संसर्गजन्य नाही, पण पीठ दुसऱ्या पदकावर सांडलं तर तिथं क्लोराइड जातं, त्यामुळे वेगळं ठेवलेलं बरं.

घरी करण्यासारखं एकच आहे, ओलावा तोडणं. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली की रोग थबकतो. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी शंभर ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, वर जाळी आणि जाळीवर पदक. दाणे नारिंगी रंगाचे घ्या. ओलावा प्यायले की ते हिरवट किंवा रंगहीन होतात. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहिलं की पुन्हा नारिंगी होतात. आच मोठी ठेवली तर रंग जळतो आणि पुढं काही कळत नाही. स्वस्तात मिळणारा आर्द्रतामापक काटा आत टाकता आला तर उत्तम, पण तो पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवतो एवढं धरून चाला.

औषधाचं द्रावण लावणं हे काम संवर्धकाचं. त्यातलं बेंझोट्रायझोल श्वासातून आणि कातडीतून अपाय करतं, शिवाय कोणतंही द्रावण पदकाचा रंग बदलतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचा विभाग आहे. नागपूरला अजब बंगल्यात, म्हणजे १८६३पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आधी दाखवून घ्या. तिथं ओळख पटली तर पुढचा रस्ता विचारता येतो.

प्रश्न : पदक पिवळंधम्मक आहे, वर इंग्रजीत 'गोल्ड मेडल' लिहिलंय. सराफाकडच्या मशीननं सोनं दाखवलं, टक्केवारी मात्र दर वेळी वेगळी. कसोटीवर घासू का? *(कारंजा)*

उत्तर : घासू नका, आणि घासू देऊ नका. कसोटीचा एक ओरखडा कायमचा.

सराफाच्या मशीनचे किरण सोन्यात काही मायक्रॉनच खोल पाहतात. वर मुलामा असेल तर ते मुलाम्याचं सोनं आणि खालचं तांबं दोन्ही मिसळून वाचतात. मुलामा जिथं झिजला तिथं आकडा उतरतो. दर वेळी वेगळी टक्केवारी आली, हेच मुलाम्याचं लक्षण. आणि 'गोल्ड मेडल' हे बक्षिसाच्या दर्जाचं नाव आहे, धातूचं नव्हे. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या १९०४च्या प्रदर्शनाचं 'गोल्ड मेडल' सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझच आहे. उलट लंडनच्या १८५१ आणि १८६२च्या प्रदर्शनांची बक्षीस-पदकं सगळी ब्राँझची. तिथं सोनं-चांदी ठेवलीच नव्हती, आणि तरी मान कमी नव्हता.

खात्री पाण्यानं करा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवा, किराणा दुकानातला चालत नाही. आधी पदकाचं कोरडं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्यानं अर्धा भरलेला प्याला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदकाला बारीक नायलॉनचा दोरा बांधा, काठीला लटकवा आणि पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. टेकलं तर काटा पदकाचंच वजन दाखवतो आणि सगळं फसतं. बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलवून सोडवा. आता काट्यावर जो आकडा दिसतो तितके घन सेंटिमीटर पदकाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा.

उदाहरण घ्या. कोरडं वजन ८८.० ग्रॅम, पाण्यातला आकडा १०.०. भागाकार ८.८. म्हणजे ब्राँझ किंवा तांबं. चांदी असती तर १०.३ ते १०.५ आली असती, शुद्ध सोनं असतं तर १९.३. पितळ ८.४ ते ८.७, कथलाची पांढरी मिश्रधातू ७.३च्या आसपास, अल्युमिनियम २.७. एक खोच लक्षात असू द्या. आत शिसं भरलेली नक्कल ९ ते ११च्या मध्ये कुठंही पडते आणि चांदीचा भास देते. म्हणून कडेवरचा सांधा आधी पाहायचा. पदक तीस मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ०.०१ ग्रॅमचा काटा लागेल, कारण पंधरा ग्रॅमच्या पदकात ०.१ची चूक ८.८चे ८.३ किंवा ९.४ करून टाकते.

हिरवं पीठ आलेल्या, वर लाखेचा थर असलेल्या किंवा कडी झाळलेल्या पदकाला पाण्यात बुडवू नका.

प्रश्न : पॅरिसच्या १८८९च्या प्रदर्शनाचं पदक आहे. कडेवर शिंगासारखी एक खूण आणि 'ब्राँझ' असं इंग्रजी अक्षरांत कोरलंय. नक्कल आहे का? *(अचलपूर)*

उत्तर : कड पाहिलीत हे फार बरं केलंत. निम्मे लोक दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतात आणि कडेचा पाठवत नाहीत.

पॅरिसच्या टांकसाळीत पदकाच्या कडेवर खूण आणि धातूचं नाव दाबायची पद्धत होती, आणि काळाप्रमाणे खूण बदलत गेली. १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८८० मधमाशी, १८८०पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. तुम्हाला दिसतं ते हेच. १८८९ साल आणि शिंग, बरोबर जुळतं. हेच पदक १८६७चं असतं आणि कडेवर शिंग असतं, तर जुन्या ठशावरून मागाहून दाबलेली प्रत म्हणावी लागली असती. कडेवर विसाव्या शतकातलं साल दिसलं तर ते पदक त्या सालचं, प्रदर्शनाच्या सालचं नाही. चांदीचं असेल तर तिथं फ्रेंच शब्द 'आर्जां', तांब्याचं असेल तर 'क्युईव्र' दिसतो.

१८८९चं मुख्य बक्षीस-पदक लुई-अलेक्झांद्र बोते या शिल्पकाराचं. मागच्या बाजूला नावासाठी कोरी पाटी सोडलेली असते. तुमच्या पत्रात पाटीचा उल्लेख नाही. ती कोरी असेल तर पदक कुणाला मिळालं ते कळणार नाही. नाव असेल तर भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा. जुन्या अक्षरांच्या खाचेत तोच तपकिरी रंग उतरलेला असतो. खाच चकचकीत आणि कडेला धातूची कूस उभी राहिलेली असेल, तर नाव अलीकडं घातलेलं.

कडेवरची अक्षरं पुसट असतील तर पेन्सिलीनं छाप काढायचा मोह होतो. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी पदकाच्या समपातळीत, जवळजवळ आडवी धरा आणि दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढा. सावलीमुळे झिजलेलं अक्षरही उठून येतं.

प्रश्न : पदकासोबतचं मोठं प्रमाणपत्र घडीवर फाटतंय. लॅमिनेशन करून आणू का? *(मेहकर)*

उत्तर : नाही. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक उष्णतेनं कागदात वितळून बसतं, नंतर काढता येत नाही. चिकटपट्टीही नको. सपाट उघडून, दोन आम्लरहित कागदांच्या मध्ये, पुठ्ठ्याच्या फाइलीत आडवं ठेवा. घडी कडक झाली असेल तर जबरीनं उघडू नका, पावसाळ्यातल्या दमट दिवशी कागद मऊ असतो तेव्हा हळूहळू सैल होते. फोटो काढून ठेवा, सावलीत, फ्लॅशशिवाय.

प्रश्न : लंडन १८८६चं छोटं पदक आहे, एका बाजूला दाढीवाल्या माणसाचं डोकं. कुणीतरी वर भोक पाडून गळ्यात घालायचं केलं होतं. भोक सोनाराकडून बुजवून घ्यावं का? आणि हे बक्षीस म्हणायचं की नुसती आठवण? *(भिवापूर)*

उत्तर : भोक तसंच राहू द्या. बुजवायला झाळ द्यावी लागते, आचेनं भोवतालचा रंग उडतो, आणि पदक कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूचं निघालं तर ते सव्वादोनशे-अडीचशे अंशांवरच पाघळतं. भोकही त्या पदकाच्या वापराचा भाग आहे.

डोकं युवराज अल्बर्ट एडवर्डचं, पुढं सातवा एडवर्ड झाला तोच. हे वसाहती आणि हिंदुस्थान यांचं प्रदर्शन लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला १८८६च्या मे महिन्यात उघडलं. पदक लिओनार्ड वायनचं, व्यास साधारण ५१ मिलिमीटर. साल रोमन आकड्यांत आहे, ते असं पडताळून पाहा: एम म्हणजे हजार, डी पाचशे, सी शंभर, एल पन्नास, एक्स दहा, व्ही पाच, आय एक. डावीकडून बेरीज करत जा. लहान आकडा मोठ्याच्या आधी आला तरच वजा करायचा. हे पदक भाग घेतल्याची आठवण म्हणून दिलं गेलं, परीक्षकांनी पहिला-दुसरा ठरवून नव्हे. त्यामुळे 'पणजोबांना लंडनला पहिलं बक्षीस' असं या पदकाच्या जोरावर म्हणू नये. त्यांचा माल तिथवर गेला, एवढं म्हणता येईल, तेही नावाचा कागद असेल तर.

प्रश्न : आमच्याकडचं पदक परदेशातलं नाही, नागपूरच्या १९०८च्या प्रदर्शनाचं आहे, चांदीचं. तुमच्या चौकटीत त्याचा उल्लेख नव्हता. त्याला काही महत्त्व आहे का? *(चिमूर)*

उत्तर : आमच्या मते विदर्भातल्या माणसानं शिकागोच्या पदकापेक्षा हेच आधी जपावं. शिकागोची पदकं जगभर हजारोंनी आहेत आणि त्यांच्यावर लिहिलेलंही भरपूर आहे. नागपूरला डिसेंबर १८६५मध्ये, सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना, कला, कारागिरी आणि शेतमालाचं प्रदर्शन भरलं. मग १९०८ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं. ही बक्षिसं इथल्याच विणकराला, कासाराला, कापूस पिकवणाऱ्याला जात. हिंगणघाटचा बनी कापूस, उमरेड-पवनीकडची रेशीमकाठी धोतरं, भंडाऱ्याची पितळी भांडी, हा सगळा माल अशा प्रदर्शनांत मांडला जाई.

चांदीचं आहे तर बारीक शिक्के शोधा, बहुधा कडेवर. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडमधली ९२५ची चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहर, बाजूचं एक अक्षर सालाचं. म्हणजे प्रदर्शन नागपूरचं, पण पदक बर्मिंगहॅमहून बनून आलेलं. असं सर्रास व्हायचं. काळं पडलं असेल तर तो गंधकाचा थर आहे, धातू खात नाही. अल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचा जो उपाय मोबाइलवर फिरतो तो टाळा. खाचांमधली मुद्दाम ठेवलेली काळी सावलीही त्यानं निघून जाते आणि पदक नव्या चमच्यासारखं दिसू लागतं.

एक पाहून घ्या: नावापुढं गाव लिहिलंय का? मध्य प्रांतात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरे, आणि वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे खातेदार स्वतः भरे, त्यामुळे चिमूरकडच्या जुन्या नोंदींमध्ये नाव मालगुजाराच्या गावासह शोधावं लागतं, वऱ्हाडात खातेदाराच्या नावानं.

प्रश्न : एक परदेशी गिऱ्हाईक पोस्टानं पाठवा म्हणतो, चांगले पैसे देतो. पदक वाड्याची भिंत पाडताना कोनाड्यात सापडलं. पाठवू का? *(अकोट)*

उत्तर : पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड. पार्सलवर 'जुनं तांबं' लिहिल्यानं सुटका होत नाही. लंडनजवळच्या वेंब्लीला १९२४मध्ये भरलेल्या प्रदर्शनाचं पदकही आता या शंभरीत आलं आहे.

देशातल्या देशात स्वतःची एखादी वस्तू विकायला बंदी नाही. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे परवाना मागा आणि पावती घ्या.

भिंतीची गोष्ट वेगळी आहे. पेटीत, कपाटात सापडलेली घरची वस्तू घरचीच. पण १८७८चा गुप्तधनाचा कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेल्या मौल्यवान वस्तूला लागू होतो, आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांची ही मर्यादा इंग्रजांच्या काळातली आहे, पण कायदा आजही तोच. उघडा कोनाडा आणि बुजवलेला कोनाडा यात फरक पडतो. कोनाडा चिणलेला होता का, सोबत काय काय होतं, भिंत पाडताना कोण हजर होतं, हे आजच तारखेसह लिहून काढा आणि तहसिलीत विचारून घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडं हवा कोरडीठाक असते, तरी मेमध्येच पदकावर डाग आले. कपाटात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलं होतं. *(सेलू, जि. वर्धा)*

उत्तर : कपाट कुठल्या खोलीत आहे? कूलर चालतो त्या खोलीत असेल तर बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत पावसाळा असतो. कूलर पाणी उडवूनच गारवा देतो. पदक त्या खोलीतून हलवा, सगळ्यात आधी.

पाकीट मऊ, वास येणारं आणि बोटाला चिकटणारं असेल तर ते पीव्हीसीचं आहे. उन्हाळ्याच्या उकाड्यात त्यातून तेलकट द्रव सुटतो आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. तो ॲसिटोनच्या बोळ्यानं टिपता येतो. पुढं पॉलिएस्टरचं कडक, कुरकुरणारं पाकीट वापरा. डांबराच्या गोळ्या काढून टाका, वाफ धातूवर बसते. रबर, लोकर आणि वर्तमानपत्र यांतून गंधक किंवा आम्ल सुटतं, तेही शेजारी नको. नव्या प्लायवूडच्या कपाटापेक्षा जुनी पत्र्याची पेटी चांगली. मूळची मखमली डबी असेल तर ती टाकू नका, पण पदक तिच्यात न ठेवता तिच्या शेजारी ठेवा. डबीला कसर किंवा वाळवी लागली असेल तर आधी ती वेगळ्या पिशवीत बांधून झाडून घ्या.

आणि उचलताना कडेनं उचला, घामाच्या हातानं नाही. मेमधल्या घामात मीठ असतं, आणि बोटाचा ठसा महिनाभरानं काळा होऊन पदकावर उमटतो. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत उजव्या बाजूला दिसणारे तीन डाग आम्हाला बोटांचेच वाटतात.